थ्रेड-सुविधेसाठी कंपायलरची सुलभ मांडणी : एक चिकित्सा

पॉझिक्स थ्रेड्सचे मानक १९९५ मध्ये निश्चित झाले. तथापि लिनक्सवर त्यासाठी स्वतंत्र लायब्ररी जोडण्याचे ओझे प्रोग्रामरवरच राहिले. तो पर्याय विसरल्यास निर्दोष प्रोग्रामही जोडणीच्या टप्प्यावर अडत असे. ऑगस्ट २०२१ मधील ग्लिबसी २.३४ आवृत्तीने ही लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन केली. हे सुलभीकरण स्वागतार्ह असले तरी अपुरे आहे. जुन्या आवृत्तीच्या संगणकावर तोच प्रोग्राम पुन्हा अडतो. अहेरीसारख्या दुर्गम भागातील प्रयोगशाळेत नव्या-जुन्या प्रणाली एकत्र असल्यास विद्यार्थी स्वतःच्याच प्रोग्राममध्ये दोष शोधत बसेल. म्हणून जीसीसीचा ‘पीथ्रेड’ हा पर्याय आजही शिकविणे अगत्याचे ठरते. तो संकलन व जोडणी या दोन्ही टप्प्यांना लागू पडतो. सुलभीकरणाचे खरे मूल्यमापन जुन्या संगणकावरच होते.