वृत्त आणि वक्रोक्ती

मराठी वृत्तपत्रांतील उपरोधाच्या परंपरेचे श्रेय आपण लेखकांच्या प्रतिभेला देऊन मोकळे होतो. पण त्या प्रतिभेला वळण लावण्यात सरकारी कायद्याचाही हात होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली, पुढच्या वर्षी राजद्रोहाचे कलम अधिक कडक करण्यात आले, आणि त्याच १८९८ मध्ये शिवराम महादेव परांजपे यांचा 'काळ' पुण्यात निघाला. इंग्रजी अमलाची स्तुती इतक्या भक्तिभावाने, विशेषणांवर विशेषणे चढवीत करावयाची, की ती निंदा आहे हे शाबीत करताना सरकारी वकिलाची पुरेवाट व्हावी, पण वाचकाला मात्र तिळमात्र संशय राहू नये, ही त्यांची हातोटी होती. वाचकाला संशय का राहत नसे? दुष्काळातील साऱ्याच्या सुटीचे नियम, प्लेगच्या बंदोबस्तातील जुलूम, हा सारा पुरावा टिळकांच्या 'केसरी'ने आधीच, रोखठोक भाषेत, त्याच्यापुढे मांडून ठेवलेला होता. परांजप्यांची व्याजस्तुती त्या पुराव्याच्या भांडवलावर चालत असे. उलट 'केसरी'च्या मुद्देसूद युक्तिवादाने जो संताप मनात साठे, त्याला तोंड 'काळ' फोडी. सरकारने तरी दोघांपैकी कोणालाच सोडले नाही: १९०८ साली टिळकांना ६ वर्षे आणि परांजप्यांना १९ महिने शिक्षा झाली.

पुरावा मांडणे आणि संतापाला तोंड फोडणे, ही दोन्ही कामे आचार्य अत्र्यांनी एकाच लेखणीकडे घेतली. १९५६ मध्ये सुरू झालेल्या 'मराठा'ने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जे बळ पुरविले ते निर्विवाद आहे; परंतु विडंबनात मुरलेल्या त्या लेखणीला बातमी आणि टवाळी यांच्यामधली वेस अनेकदा दिसेनाशी होई, आणि हा दोष, चाहत्यांचा रोष पत्करूनही, नोंदविला पाहिजे. १९६० चे 'मार्मिक' मुख्यतः व्यंगचित्रांचे. त्याचा विचार निराळा करावा लागेल.

आज 'सकाळ'मधले ब्रिटिश नंदींचे 'ढिंग टांग' हे सदर घ्या. पुढाऱ्यांच्या काल्पनिक संवादांची त्यातली खुमारी त्यालाच कळते, ज्याने आदल्या दिवसांच्या बातम्या वाचलेल्या असतात. ज्याने त्या वाचल्या नाहीत, त्याला दोन माणसे उगाच एकमेकांची थट्टा करताना दिसतात. हे वैगुण्य त्या सदराचे नव्हे. सर्वत्र दिसते ते असे, की चेष्टा मुबलक झाली आणि जिच्यावर ती उभी राहावी ती बातमी मात्र पत्रकार परिषदेच्या टिपणापुरती उरली. मग उपरोधाला धोरण सापडत नाही, आणि तो पुढाऱ्याच्या नाकावर, पोटावर आणि उच्चारांवर उपजीविका करू लागतो.

तेव्हा संपादकांना एवढीच विनंती, की विनोदाचे नवे सदर काढण्यापूर्वी त्यांनी तालुक्याच्या गावी कचेरीत खेटे घालून ठरावांच्या नकला मिळविणाऱ्या वार्ताहराचे मानधन वाढवावे.