गोधडीची साक्ष

गेल्या नाताळाच्या सुमारास आमच्या माझगावच्या धर्मग्रामातील काही भगिनींनी घरोघरच्या जुन्यानव्या गोधड्या सभागृहात मांडल्या आणि प्रत्येकीने आपल्या गोधडीमागील प्रेरणा सांगावी, असे ठरले. बहुतेकींनी आईची माया, आजीची ऊब, आठवणींचे ठिगळ अशा शब्दांत मन मोकळे केले. एक वृद्ध भगिनी मात्र बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्या गोधडीत गोदीतल्या कामगाराच्या गणवेशाचा जाड निळा कपडा होता. आग्रह झाला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "प्रेरणा कसली, फादर? नातू व्हायचा होता आणि ह्यांचे कपडे टाकवत नव्हते."

सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी परतताना जाणवले की, त्या दिवशीचे सर्वांत समर्पक भाष्य तेच होते आणि आम्हां श्रोत्यांना ते ऐकता आले नव्हते.

आपल्या साहित्यात गोधडी वारंवार येते, पण बहुधा उपमा म्हणून येते. ती मायेची असते, संसाराची असते, दारिद्र्याची असते. कापडाची क्वचितच असते. तिचे अस्तर कोणत्या लुगड्याचे, धावदोरा कडेकडेने फिरत मध्यापर्यंत कसा जातो, टाके कोठे दाट पडले आणि दिवेलागणीला घाईत कोठे विरळ झाले, याकडे कवी पाहत नाही. संत गाडगेबाबांना लोक 'गोधडेबुवा' म्हणत, कारण चिंध्यांचे वस्त्र त्यांनी प्रत्यक्ष अंगावर वागवले. उपमा झालेली गोधडी मात्र कोणाच्याच अंगावर नसते. भावनेचा हा अतिरेक वरकरणी आदराचा दिसतो. वस्तुतः त्यात करणारीचे कसब नाहीसे होते आणि केवळ तिचे वात्सल्य उरते.

मग त्या वृद्ध भगिनीचे म्हणणेच प्रमाण मानावे काय? गोधडी ही निव्वळ गरज, कला वगैरे शहरी लोकांची कल्पना, असे म्हणून थांबावे काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण उत्तर कन्नड जिल्ह्यात सापडते.

माझगावला 'सिद्दी' हे नाव परके नाही. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने १६८९ मध्ये मुंबईवर स्वारी केली आणि १६९० मध्ये माझगावचा किल्ला जमीनदोस्त झाला. त्या टेकडीवर आज जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांना लाभलेले तेच नाव हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील रानांत राहणारा एक समाज आजही लावतो. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तेथून निसटून घाटावरच्या जंगलांत आश्रयाला गेले. त्यांच्यात कॅथलिक आहेत, हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. आणि तिन्हींच्या घरांत स्त्रिया जुन्या कपड्यांची 'कवंद' शिवतात. कवंद म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीण. तीही कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्याकडे येते. कॅथलिक स्त्रिया तिच्यात क्रूसाची आकृती बसवतात, मुसलमान स्त्रिया चंद्रकोर.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुले लावतात. ती लागेपर्यंत कवंद पुरी झाली असे कोणी मानीत नाही. फुलांवाचून ती उघडी दिसेल, असे शिवणाऱ्या स्त्रिया सांगतात. आता हे फूल कोणाला ऊब देते? त्याने थंडी रतीभरही कमी होत नाही. गरजेने गोधडी सुरू होते हे खरे, पण गरज फुलापाशी येऊन संपते आणि तेथून पुढे जे उरते, त्याला दुसरे नाव शोधावे लागते. आमच्या वृद्ध भगिनीने नवऱ्याच्या गणवेशाचे निळे तुकडे मधोमध चौकोनात मांडले होते आणि भोवती लाल किनार फिरवली होती. ती किनार गरजेने मागितली नव्हती. करणारीचे शब्द नम्रपणे ऐकावेत. परंतु कापडही वाचावे, कारण ती जे बोलत नाही ते तेथे लिहिलेले असते.

दूर अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीत मिझुरी पेटवे या कृष्णवर्णीय स्त्रीने १९४२ मध्ये हेच केले. पती वारल्यावर त्याचे शेतातले कपडे उसवून तिने गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि पांघरूण म्हणून तो जवळ असावा, एवढाच तिचा हेतू होता, असे पुढे तिच्या लेकीने सांगितले. त्याच परगण्यात एका एपिस्कोपल धर्मगुरूंनी, फ्रान्सिस वॉल्टर यांनी, वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या आणि १९६६ मध्ये तेथील स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून ज्यांच्या पोटावर पाय आला होता, अशा कुटुंबांना तिचा आधार झाला. २००२ मध्ये त्या वस्तीतील गोधड्या ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर चढल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आणि २००७ मध्ये काही शिवणाऱ्या स्त्रियांना आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. ते दावे पुढे मिटले. पण कौतुक आणि मोबदला या दोन गोष्टी एका वाटेने चालत नाहीत, हे त्यातून दिसले.

म्हणून 'प्रेरणा काय?' हा प्रश्न आम्हांस अपुरा वाटतो. त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न हवेत: कापड कोणाचे? हात कोणाचा? दाम कोणाला? आपल्या घरांतील जुनी लुगडी एके काळी गोधडीत जात. पुढे ती बोहारणीच्या गाठोड्यात गेली आणि त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी आली. त्यात दोष देण्याजोगे काही नाही. मात्र आता तीच गोधडी दुकानात 'हस्तकला' म्हणून टांगलेली पाहून आपण हळहळतो आणि शिवणारीला दिवसाची मजुरी किती मिळाली हे विचारीत नाही, तेव्हा आपली हळहळ खोटी ठरते.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथेचा प्रसंग आहे. ती वारल्यावर गावातील विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहतात आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. तिच्या प्रेरणेविषयी त्या काही बोलल्याची नोंद नाही. त्या कापड दाखवतात, आणि ते कोणी शिवले हे त्यांना ठाऊक आहे. शिवणकाम करणाऱ्या असंख्य स्त्रियांपैकी हिचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ते या साक्षीमुळे.

आमच्या सभागृहात त्या दिवशी एकाही गोधडीवर शिवणारीचे नाव नव्हते. मांडणाऱ्या कुटुंबाचे होते. पुढच्या खेपेस प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी टाचावी, अशी विनंती आम्ही केली आहे: शिवणारीचे नाव, वर्ष, आणि कापड कोणाच्या अंगावरचे. निळ्या गोधडीची चिठ्ठी आम्ही स्वतः लिहून घेणार आहोत. तिचा नातू, कळते, आता गोदीतच कामाला आहे.