खोट्या सिरियल किलरचे वारस

२०२५ साली 'देवमाणूस' तिसऱ्यांदा परत आला आणि माझा संयम सुटला. २०२०मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा वाईजवळच्या खऱ्या प्रकरणावर बेतलेली मालिका म्हणून ती पाहिली होती. खुनी डॉक्टर आणि त्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकणारं गाव, एकदा पाहण्यासारखं होतं. पण खुनी लोकप्रिय झाला की वाहिनीला त्याला फासावर चढवणं परवडत नाही. ओटीटीवर तर सिरियल किलरांची खोगीरभरतीच झाली आहे. कुणी पुराणातले दाखले देत मारतो, कुणी लग्नाचं आमिष दाखवून विष देतो. प्रत्येकाच्या मागे बालपणीचा एक फ्लॅशबॅक आणि प्रत्येकाच्या मागावर मोडक्या संसाराचा एक इन्स्पेक्टर. हेही एक वेळ सोसलं असतं. सोसत नाही ते असं, की या मालिकांबद्दल बोलताना कुणीतरी हमखास 'द वायर' या अमेरिकी मालिकेचं नाव काढतं. त्याच परंपरेतली आहे म्हणे.

कसली परंपरा? सिरियल किलर नावाच्या प्रकाराची यथेच्छ टर उडवायला जिनं आपला शेवटचा अख्खा सीझन खर्ची घातला, तिची?

आठवून पाहा. पाचवा सीझन, २००८. अमली पदार्थ विकणाऱ्या मार्लोच्या टोळीनं बाल्टिमोरच्या ओसाड घरांत लपवलेली २२ प्रेतं बाहेर आली आहेत. मेलेले बहुतेक गरीब, कृष्णवर्णीय. शाळांच्या खात्यातला खड्डा बुजवण्यासाठी महापौरांनी पोलिसांचा पैसा आखडता घेतलाय. ओव्हरटाइम बंद, तपास गुंडाळलेला. मग डिटेक्टिव्ह मॅकनल्टी बेवारस मेलेल्या बेघर माणसांच्या अंगावर खुनाच्या खुणा उमटवतो, मनगटाला लाल फीत बांधतो आणि एक सिरियल किलर जन्माला घालतो. वर्तमानपत्र प्रकरण उचलून धरतं. तिथला एक बातमीदार पदरचा मीठमसाला घालतो आणि पुलित्झर घेऊन जातो. पैसा एकदम वाहू लागतो. २२ खऱ्या प्रेतांना जे मिळालं नाही ते एका काल्पनिक खुन्यानं मिळवून दिलं. तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली होती, हे काही पटत नाही म्हणून. मला तो सीझन दिवसेंदिवस जास्तच पटत चालला आहे. आज कुठल्याही ओटीटी कंपनीच्या कचेरीत जाऊन हद्दीच्या वादात सडलेल्या तपासाची गोष्ट सांगा, चहा पाजून वाटेला लावतील. तीच गोष्ट लाल फीत बांधून सांगा, करार पुढे सरकवतील.

'द वायर' मुळात टीव्हीवर वाढलेल्या लोकांनी केलेली मालिका नव्हती. डेव्हिड सायमन हा 'बाल्टिमोर सन'चा गुन्हे वार्ताहर. १९८८चं वर्ष त्यानं शहराच्या खून विभागात ठाण मांडून काढलं, त्यातून १९९१चं 'होमिसाइड' हे पुस्तक आलं. एड बर्न्स त्याच शहरात वीस वर्षं पोलीस, पुढे सरकारी शाळेत मास्तर. चौथ्या सीझनमधला वर्ग इतका खरा का वाटतो, ती धांदल, तो घाम, ते पुस्तकाबाहेरचं गणित, याचं उत्तर बर्न्सच्या नोकरीत आहे. १९८४मध्ये बर्न्सच्या तपासातून मेल्विन विल्यम्स हा अमली पदार्थांचा बडा व्यापारी गजाआड गेला. सायमननं त्याच्यावर लेखमाला लिहिली. सुटून आल्यावर त्याच विल्यम्सनं मालिकेत चर्चच्या डीकनची भूमिका केली. पकडणारा, लिहिणारा आणि पकडला गेलेला, तिघं एकाच कामावर! सोबतीला रिचर्ड प्राइस, जॉर्ज पेलेकानोस, डेनिस लेहेन असे कादंबरीकार. २ जून २००२ ते ९ मार्च २००८ या काळात ६० भाग झाले. बघणारे तुरळक, तिसऱ्या सीझननंतर मालिका बंद पडता पडता वाचली. एमीची फक्त दोन नामांकनं, दोन्ही लेखनाची, आणि पुरस्कार एकही नाही.

तिच्यातले गाजलेले प्रसंग सगळ्यांना पाठ आहेत. बुद्धिबळाचा डाव, स्वयंपाकघरातला तो एकाच शिवीवर पेललेला तपास. माझ्या दृष्टीनं मालिकेचं मर्म दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला आहे, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. वरिष्ठ अधिकारी रॉल्सनं खुन्नस काढून मॅकनल्टीला बंदराच्या गस्तीबोटीवर फेकलंय. पाण्यात एका बाईचं प्रेत सापडतं. रॉल्स लगेच ते शेजारच्या काउंटीच्या गळ्यात घालतो. मॅकनल्टी काय करतो? भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, वारा बघतो आणि बाई पाण्यात पडली ती शहराच्याच हद्दीत, हे आकडेमोडीनं सिद्ध करतो. पाठोपाठ गोदीतल्या कंटेनरमध्ये आणखी १३ बायका गुदमरून मेलेल्या सापडतात. तिथेही हवेची वाट कुणीतरी मुद्दाम ठोकून बंद केल्याचं तोच दाखवून देतो. अपघात म्हणून मिटलं असतं ते प्रकरण असं १४ खुनांचं होऊन बसतं. न्यायाची चाड वगैरे काही नाही, साहेबाच्या माथी १४ न उलगडलेले खून मारायचे आहेत, बस्स. आणि तरीही तपास सुरू होतो तो त्याच्या या आकसामुळेच.

मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. खाडीत प्रेत लागलं की पहिला प्रश्न 'कोण गेलं' हा नसतो, 'हद्द कुणाची' हा असतो. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायचा आणि वर्ग करून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची रोजची भाषा आहे.

दुसरं आकड्यांचं. बाल्टिमोरच्या त्या साप्ताहिक बैठका, जिथे एकेका ठाण्याच्या मेजरला उभं करून सोलून काढतात. टक्केवारी खाली आली पाहिजे, कशी ते आम्हाला सांगू नका. मग दरोड्याची चोरी होते, गंभीर मारहाणीची किरकोळ होते. चौथ्या सीझनमध्ये पोलिसाचा मास्तर झालेला प्रेझबलुस्की शाळेत परीक्षेच्या तयारीचा फार्स बघतो आणि त्याला कळतं, की इथेही तेच चाललंय. फक्त गुन्ह्यांच्या जागी गुण आहेत. आपल्याकडे मोबाइल चोरीला गेला म्हणून ठाण्यात जाणाऱ्या किती जणांच्या हाती 'गहाळ' झाल्याचा दाखला ठेवला जातो? चोरी झाली की गुन्हा वाढतो, गहाळ झाला की कुणाचंच काही बिघडत नाही. या एका शब्दावर एक अख्खा सीझन उभा राहील.

वारसदारांनी यातलं उचललं काय? अंधार, शिव्या आणि संथ गती. 'द वायर'मध्ये जवळपास पार्श्वसंगीतच नाही. गाणं ऐकू आलंच तर कुणाच्या तरी गाडीतून किंवा खिडकीतून येतं. चौकट जुन्या टीव्हीची, चौकोनी. इकडे ड्रोननं जंगल दाखवल्याशिवाय प्रेत सापडत नाही आणि चेलोनं सांगितल्याशिवाय दुःख कळत नाही.

काही नावं झटपट उरकतो. 'ट्रू डिटेक्टिव्ह' आणि तिची पिलावळ म्हणजे पोलिसांच्या गणवेशातलं स्वगत. 'मिर्झापूर'ला मी गुन्हेकथा मानतच नाही. ती गालिचावाल्यांची पौराणिक मालिका आहे. 'सीआयडी'शी माझं वैर नाही. दार तोडण्याआधी वॉरंट लागतं हे १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत दयाला कुणी सांगितलं नाही खरं, पण त्या मालिकेनं वास्तवाचा आवही कधी आणला नाही. 'सेक्रेड गेम्स'कडे काटेकर होता. जितेंद्र जोशीनं उभा केलेला तो हवालदार पहिल्याच सीझनमध्ये मारून टाकला, आणि मग मालिकेला गुरुजी आणि अणुबॉम्ब यांच्या मागे धावण्यावाचून काही उरलं नाही. घरचं माणूस घालवून जगबुडीची काळजी वाहणारी मालिका!

'दिल्ली क्राइम' मात्र एका ओळीत संपवता येत नाही, कारण तिच्याबद्दल चुकीच्या गोष्टीचं कौतुक झालंय. २०१९चा पहिला सीझन, रिची मेहतांचं दिग्दर्शन, शेफाली शाहांचं काम, २०२०चं आंतरराष्ट्रीय एमी, सगळं मान्य. पण ती गोष्ट अख्ख्या देशाचे डोळे लागलेल्या खटल्याची आहे. वरून दबाव आला, खालपर्यंत यंत्रणा पळाली, आरोपी काही दिवसांत सापडले. यंत्रणा पळू शकते हे आपल्याला ठाऊकच होतं. कुणी बघत नसताना ती काय करते, हा 'द वायर'चा प्रश्न आहे आणि 'दिल्ली क्राइम' त्याच्या वाटेला जात नाही.

त्या वाटेला गेले ते सुदीप शर्मा. २०२०चा 'पाताल लोक' त्यांनी लिहून उभा केला, आणि प्रोसित रॉय यांच्यासोबत त्याचं दिग्दर्शन केलं ते 'किल्ला'वाल्या अविनाश अरुण यांनी. मराठी मुलांच्या डोळ्यांनी कोकणातला पाऊस दाखवणारा हा माणूस जमनापारच्या ठाण्यात गेला आणि तिथल्या भिंतींचा ओला रंग त्यानं तसाच ठेवला. तिथल्या इन्स्पेक्टर हाथीराम चौधरीला आयुष्यात पहिल्यांदा मोठी केस मिळते ती तो हुशार आहे म्हणून नाही, बिघडवली तरी चालेल म्हणून. २०२५च्या दुसऱ्या सीझनमध्ये कालपर्यंत हाताखाली असलेला अन्सारी आयपीएस होऊन साहेब बनून येतो. त्या दोघांमध्ये 'सर' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला जातो तेव्हा जयदीप अहलावत आणि ईश्वाक सिंग काय करतात ते पाहा. अवघडलेपण, अभिमान, थोडा खेळकर छळ. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही ते आतून कळेल, आणि त्यासाठी पडद्यावर एकही खून पडावा लागत नाही.

'कोहरा' (२०२३) याहून पुढची. परदेशातून लग्नाला आलेला नवरामुलगा शेतात मरून पडलाय. तपास करणारा गरुंडी भावाच्या घरात राहतो. त्यानं लग्न करावं असं वहिनीला वाटत नाही, कारण लग्न झालं की वाटणी आली आणि वाटणी आली की जमीन तुटली. तपास करणारा पोलीस स्वतःच वाटणीच्या त्या धाग्यात अडकलेला आहे. खुनाचं गूढ आणि सातबाऱ्याचं गूढ त्याच्यात एक होतं. सुविंदर विक्कीचा बलबीर संशयितांना बडवतो आणि मालिका त्याला ना माफी देते ना शिक्षा. शिवाय ती बरीचशी पंजाबीत आहे. भाषा कळणार नाही, म्हणून कुणी ती बेचव केली नाही.

आता माझा खरा राग. पंजाबीत हे होतं, तर मराठीत का नाही?

साहित्य नाही असं कुणी म्हणू नये. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून तेंडुलकरांनी १९८३च्या 'अर्धसत्य'ची पटकथा लिहिली. पकडलेल्या गुन्हेगाराचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जातं ही फौजदाराची जखम आपण बाल्टिमोरच्या कितीतरी आधी पडद्यावर मांडली होती. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये गिरणी बंद पडलेल्या घरातला मुलगा टोळीकडे सरकतो; 'द वायर'चा गोदीचा सीझन ज्या जागेवर उभा आहे तीच ही जागा. नंतर आपण ते रान सोडून चकमकफेम अधिकाऱ्यांच्या आरत्या ओवाळायला लागलो. एन्काउंटरचा सिनेमा हा सिरियल किलरच्या सिनेमाचा सख्खा भाऊ: दोघांनाही फाइल नको असते.

आणि फाइलमध्ये काय काय आहे! महाराष्ट्रात गुन्ह्याचा तपास बंद करायचे ठरलेले प्रकार आहेत. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, तर ए समरी. तक्रारच खोटी, तर बी समरी. ना खरी ना खोटी, गैरसमजातून आलेली, तर सी समरी. एखाद्या बाईच्या तक्रारीचा बी समरी अहवाल न्यायालयात जातो, म्हणजे ती खोटं बोलली असं सरकार लेखी सांगतं. त्या कागदावर पोहोचेपर्यंत ठाण्यात किती लोकांनी काय काय केलं, कुणी फोन केला, कोणता सराईत पंच सहीला आणला, मुद्देमाल कारकुनानं काय हरवलं, बंदोबस्तावरून परतलेल्या फौजदाराला जबाब घ्यायला कोणत्या रात्री वेळ मिळाला. एवढं नुसतं ओळीनं मांडा. आठ भाग होतात, एकही प्रेत न पाडता.

यावर निर्माते म्हणतात, लेखक नाहीत. असणार कसे? लेखकांच्या खोलीत तुम्ही मालिका बघून मालिका लिहिणाऱ्यांना बसवता. तिथे निवृत्त पोलीस निरीक्षक बसवा. तीस वर्षं सत्र न्यायालयाच्या बाकावर काढलेला वार्ताहर बसवा, तोही आता बहुधा घरीच असेल, कारण वर्तमानपत्रांनी त्याची जागा भरलेली नाही. सायमनलाही त्याच्या वर्तमानपत्रानं १९९५मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या वाटेनंच बाहेर जाऊ दिलं होतं.

विषय हवा तर १९८२ घ्या. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवालदारांनी बंड केलं, शहरात जाळपोळ झाली, लष्कर बोलवावं लागलं, पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत गिरणी कामगारांची आणि पोलिसांची कुटुंबं शेजारी शेजारी राहत होती. एकाच मजल्यावर जानेवारीत संपावर गेलेला माणूस आणि ऑगस्टमध्ये त्याच वाटेनं गेलेला हवालदार. मधल्या सात महिन्यांत एकानं दुसऱ्याच्या मोर्च्यावर लाठी घेऊन उभं राहायचं. यावर एकही मालिका माझ्या पाहण्यात नाही. प्रेक्षक मिळणार नाही, हे उत्तर मला देऊ नका. 'द वायर'लाही तो मिळत नव्हता आणि एचबीओनं तरी पाच सीझन केले. 'देवमाणूस'च्या चौथ्या फेरीसाठी जे पैसे बाजूला काढाल, त्यातले निम्मे इकडे वळवा. निम्म्यातही चाळ उभी राहते.