नोटेवरचे हसू

आपल्या घरात सर्वाधिक हाताळले जाणारे छायाचित्र कोणते, असे विचारले तर कोणी लग्नाच्या अल्बमकडे बोट दाखवील, कोणी पहिल्या कम्युनियनच्या तसबिरीकडे. माझ्या मते ते छायाचित्र आपल्या खिशात असते. अहमदपूरच्या आठवडी बाजारात ते भाजीवालीच्या कनवटीतून निघते, बसवाहकाच्या चामडी पिशवीत जाते, रविवारी मिस्साच्या वेळी दानपेटीतही पडते. दिवसभर हातोहात फिरूनही त्याकडे छायाचित्र म्हणून कोणी पाहत नाही. चलनी नोटेवरील गांधीजींचे हसरे मुख हे चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेले नाही. तो एका मोठ्या छायाचित्राचा कापून घेतलेला भाग आहे.

मूळ छायाचित्र 1946 सालचे. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने सत्तांतराची बोलणी करण्यासाठी तीन मंत्र्यांचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात धाडले. भारतमंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स त्याचे प्रमुख होते. दिल्लीच्या व्हाइसरॉय भवनात, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, गांधीजी त्यांच्यासमवेत असताना हा क्षण टिपला गेला. पुढे 1996 साली रिझर्व्ह बँकेने ‘महात्मा गांधी मालिके’च्या नोटा काढल्या, तेव्हा या छायाचित्रातून गांधीजी तेवढे घेतले गेले. लॉर्डसाहेब चौकटीबाहेर राहिले. 2016 पासूनच्या नव्या नोटांवर गांधीजी मध्यभागी आले, परंतु एकटेच.

आता या एकटेपणाने काय घडले ते पाहू. हसू हे कोणाच्या तरी संगतीतले असते. नोटेवरचे हसू मात्र कोणाच्याही संगतीत नाही, म्हणून ते सर्वांसाठी झाले आहे. ते प्रसन्न आहे, आजोबांचे आहे, आणि खरे सांगायचे तर थोडे निरर्थकही आहे. मूळ छायाचित्रातील हसू असे निरुपद्रवी नव्हते. ज्या सरकारचा मंत्री शेजारी होता, त्याच सरकारने 1942 साली गांधीजींना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात डांबले होते. तेथे महादेवभाई देसाई गेले. तेथेच फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, आणि तेथेच 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. या गोष्टीला पुरती अडीच वर्षेही लोटली नव्हती. शहात्तर वर्षांचा तो विधुर त्या सरकारच्या प्रतिनिधीसमवेत असताना हसत होता.

आणि तो प्रतिनिधी तरी कोण? पेथिक-लॉरेन्स हे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यातले कार्यकर्ते. त्यासाठी 1912 साली त्यांना शिक्षा झाली, तुरुंगात त्यांनी उपोषण आरंभिले आणि त्यांना बळजबरीने अन्न भरविण्यात आले. तेव्हा मूळ छायाचित्रात एक राजा आणि एक प्रजाजन नाहीत. एकाच सत्तेच्या तुरुंगात अन्न नाकारलेली दोन माणसे तेथे एकत्र आहेत. पुढे त्या शिष्टमंडळाची योजना फसली, मने कडवट झाली, देश दुभंगला. त्या हसण्यातील आशा किती नाजूक होती, हे दोघांना एकत्र पाहिल्यावरच उमगते. कात्रीने केवळ एक इंग्रज काढला नाही. ते हसू ज्या मूल्याने विकत घेतलेले होते, ते मूल्यच काढून घेतले. नोटेच्या बाबतीत असे घडावे, हा योगायोग मला थोडा बोचतो.

कात्रीला सरसकट दोष देण्याचा मात्र माझा हेतू नाही. नोटेचा कागद वीतभर. त्यात भाषांची उतरंड, स्वाक्षरी, क्रमांक, सिंहमुद्रा असे सारे बसवायचे. शिवाय परिचित चेहऱ्यातील बारीकसा फरक माणसाच्या डोळ्याला चटकन कळतो, त्यामुळे नक्कल पकडणे सोपे जाते. नाशिकरोडच्या छापखान्याला इतिहासाचे पुस्तक छापायचे नसते. तरीही दुसरा मार्ग होता, हे विसरू नये. 1969 साली गांधीजन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या नोटांवर ते बसलेले दिसतात आणि पाठीमागे वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम आहे. त्या नोटेत माणसाला घर होते. मला ती नोट अधिक प्रामाणिक वाटते.

काही छायाचित्रे कात्री चालवूच देत नाहीत. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने 1946 सालीच टिपलेले गांधीजींचे चित्र वाचकांनी पाहिले असेल. समोर मोठा चरखा. त्यामागे जमिनीवर बसून गांधीजी वाचताहेत. चरखा विषयाच्या आड आल्यासारखा वाटतो. तो कापून पाहा. उरतो एक वाचनात गढलेला वृद्ध, जो कोणत्याही गावच्या ओसरीवर सापडेल.

आपल्याकडे नाताळात जी शुभेच्छापत्रे येतात त्यांतील दोन गुबगुबीत देवदूत असेच कापून आणलेले आहेत. हनुवटी हातावर टेकून ते वर पाहतात. खट्याळ, जरासे कंटाळलेले. मूळ चित्र राफाएलचे. ते जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. त्यात बाळ येशूला घेऊन मरियामाता मेघांवरून पुढे येते आहे आणि हे दोघे तिच्या पायाशी आहेत. ती दिसत असताना त्या नजरेला कंटाळा म्हणवत नाही.

हे झाले नोटांचे आणि शुभेच्छापत्रांचे. वृत्तपत्रातील कात्री अधिक जबाबदारीची, कारण तेथे वाचक चित्राला साक्ष समजतो. पूर्वी छायाचित्राच्या कडेला पेन्सिलीने खुणा करून ते स्तंभाच्या रुंदीत बसवीत. आता बोटाच्या एका ओढीने तेच होते. आमच्याच जिल्ह्यातील किल्लारीचा भूकंप आठवावा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. अशा प्रसंगी आक्रोश करणाऱ्या स्त्रीचा चेहरा तेवढा ठेवला, तर चित्र हृदय पिळवटते आणि वाचक पैसे, कपडे, धान्य पाठवितो. तिच्या मागची पडझड चौकटीत राहिली, तर दिसते दगडमातीची हातभर जाड भिंत आणि मातीच्या ओझ्याचे माळवद. मग भूकंप तर झालाच, परंतु माणसे मेली ती कशाखाली, हा प्रश्न विचारावा लागतो. पहिले चित्र खोटे नाही. त्याने केवळ कारण कापले आहे, आणि कारण कापल्यावर दुःख दैवाच्या खात्यावर जमा होते.

एक गोष्ट घरगुती आहे, तरी सांगतो. आपल्या अनेक कुटुंबांत आजीचे किंवा आजोबांचे एकच छायाचित्र असते, आणि तेही कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून काढलेले. निधनानंतर स्टुडिओवाला ते मोठे करून देतो. मोठे करताना दाणे उमटतात, चेहरा धूसर होतो. बाजूची माणसे पुसली जातात, पार्श्वभूमी निळी होते. कधी घाईत एखादा हात राहून जातो, खांद्यावर ठेवलेला, चारच बोटे. घरभेटीला गेलो की मी हार घातलेल्या चेहऱ्यापेक्षा त्या बोटांकडे अधिक पाहतो, आणि ती कोणाची असे विचारतो. बहुधा तरुणांना ठाऊक नसते. मग स्वयंपाकघरातून एखादी म्हातारी पदराला हात पुसत येते, तसबिरीजवळ डोळे नेते आणि नाव सांगू लागते.