'ज्योहो' आणि 'च्योसा' : जपानी गुप्तवार्ता-इतिहासातील संज्ञांचा प्रश्न

जपानच्या गुप्तवार्ता-संस्थांचा सलग इतिहास रिचर्ड सॅम्युएल्स यांनी 'स्पेशल ड्यूटी' (२०१९) या इंग्रजी ग्रंथात मांडला आहे. ग्रंथाचे नाव 'तोकुमु किकान', म्हणजे विशेष कामगिरीची पथके, या युद्धपूर्व लष्करी संज्ञेचे स्मरण करून देते. संस्था का बदलतात, याची तीन कारणे ग्रंथकार देतात : बदलती सामरिक परिस्थिती, तंत्रविद्येची प्रगती आणि स्वतःचे अपयश. ही त्रयी समर्थ आहे, यात संशय नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये उत्तर कोरियाचे क्षेपणास्त्र जपानवरून गेले आणि २००३ च्या मार्चमध्ये जपानने आपले पहिले टेहळणी उपग्रह सोडले. परिस्थिती आणि तंत्रविद्या यांचा संयोग येथे स्पष्ट दिसतो.

तथापि एक प्रश्न या त्रयीने सुटत नाही. युद्धोत्तर जपानमध्ये हे कार्य दीर्घकाळ दुसऱ्याच नावाने का चालले? शब्दाला या त्रयीत कारणाचे स्थान नाही. ते असावयास हवे होते.

'ज्योहो' हा शब्द मूळचा लष्करी. १८७६ साली एका फ्रेंच लष्करी पुस्तकाच्या जपानी भाषांतरात तो 'रांसेन्यमां' या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून आला. 'ज्यो' म्हणजे स्थिती आणि 'हो' म्हणजे वृत्त. शत्रुस्थितीचे वृत्त हा त्याचा आरंभीचा अर्थ. १९४० मध्ये प्रचार व अभ्यवेक्षण करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या नावात तो आला. युद्धानंतर संगणकाच्या परिभाषेत तो रूढ होऊन 'माहिती' हा व्यापक अर्थ त्यास प्राप्त झाला. मात्र जुना अर्थ लोपला नाही. मराठीत 'माहिती' आणि 'गुप्तवार्ता' हे शब्द भिन्न असल्यामुळे जपानीतील ही संदिग्धता मराठी अभ्यासकाच्या सहज ध्यानात येत नाही.

आता संस्थांची नावे पाहावीत. १९५२ मध्ये पंतप्रधानांच्या सचिवालयात स्थापन झालेल्या कार्यालयाच्या नावात 'च्योसा', म्हणजे पाहणी किंवा संशोधन, हा शब्द होता. त्याच वर्षी निघालेल्या सार्वजनिक सुरक्षेच्या यंत्रणेच्या नावातही तोच शब्द आढळतो. पहिल्या कार्यालयाच्या नावात 'ज्योहो' आला तो १९८६ मध्ये. संरक्षणखात्याचे 'ज्योहो होन्बु' तर १९९७ चे. 'च्योसा' हा शब्दही सर्वस्वी निष्पाप नव्हता. दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या १९०७ साली स्थापन झालेल्या 'च्योसा' विभागाने शेती, व्यापार आणि रूढी यांच्या पाहणीबरोबरच साम्राज्याचीही गरज भागविली होती. म्हणजे एक बदनाम शब्द टाळताना आश्रय घेतला गेला तो दुसऱ्या जुन्याच शब्दाचा.

नाव बदलल्याने काम बदलत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. परंतु लोकशाहीत देखरेख ठेवावयाची तर ती कशावर ठेवावयाची, हे कायद्याच्या भाषेतच ठरते. विशेष गुपितांचा कायदा २०१३ च्या डिसेंबरमध्ये संमत झाला आणि वर्षभराने अमलात आला. त्याला अनुसरून संसदेच्या दोन्ही सभागृहांत परीक्षण-मंडळे नेमण्यात आली. त्यांच्या जपानी नावाचा शब्दशः अर्थ '"ज्योहो"वर देखरेख ठेवणारे परीक्षण-मंडळ' असा होतो. हे नाव वाचून गुप्तवार्तेच्या सर्व व्यवहारावर संसदेची नजर आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या मंडळांचा विषय मुख्यतः गुपिते ठरविण्याची आणि उघड करण्याची पद्धत हा आहे. देखरेख 'माहिती'वर आहे, 'गुप्तवार्ते'च्या कार्यावर नव्हे. शब्द मात्र एकच.

सॅम्युएल्स यांच्या ग्रंथाचे मोल यामुळे उणावत नाही. संस्थांचा इतिहास त्यांनी सिद्ध केला आहे. त्या संस्थांच्या नावांचा इतिहास त्यास जोडणे हे पुढील अभ्यासकाचे कार्य होय. जे कार्य आपल्या नावाने ओळखले जात नाही, त्याचा जाब विचारणे दुष्कर असते.