समजून घेणाऱ्या यंत्रांची किंमत

शाळेच्या कार्यालयात विंडोजचा संगणक असतो, प्रयोगशाळेत लिनक्सचा, एखाद्या शिक्षकाच्या घरी ॲपलचा, आणि मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात. या सर्वांमध्ये ई-मेलची ये-जा बहुधा सुरळीत चालते. पण कधी परिपत्रकाऐवजी ‘विनमेल.डॅट’ नावाची न उघडणारी फाईल येते, कधी अवतरणचिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात, तर कधी वाक्याच्या शेवटी इंग्रजी ‘जे’ हे अक्षर विनाकारण येऊन बसते. विचारले तर पाठवणारा म्हणतो, ‘आमच्याकडे तर नीट दिसते.’ आणि ते खरेच असते! मग दोष कोणाचा? आमच्या मते या घोटाळ्यांचे मूळ शोधताना इंटरनेटच्या उभारणीमागील एका लोकप्रिय तत्त्वापर्यंत जावे लागते. त्या तत्त्वाचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

तत्त्व आणि त्याचा काळ

इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात त्या दस्तऐवजांना ‘आरएफसी’ म्हणतात. त्यांचे दीर्घकाळ संपादन करणारे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९८० साली अशाच एका दस्तऐवजात एक तत्त्व मांडले. त्याचा आशय असा : पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. म्हणजे आपण नियम तंतोतंत पाळावेत, पण समोरच्याने थोडी चूक केली आणि त्याचा हेतू कळत असला, तर त्याला परत पाठवू नये. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कशी जावी याचे नियमही पोस्टेल यांनीच ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले.

त्या काळाचा विचार करता हे तत्त्व शहाणपणाचेच होते. निरनिराळ्या विद्यापीठांतील निरनिराळ्या जातीची यंत्रे एकमेकांशी बोलायला शिकत होती. नियमांची भाषाही काही ठिकाणी संदिग्ध होती. प्रत्येक सर्व्हरने स्वल्पविरामासाठी पत्र परत केले असते, तर हे जाळे वाढलेच नसते. हे श्रेय त्या तत्त्वाला द्यावेच लागेल. मात्र बाल्यावस्थेत जे औषध लागू पडले तेच जन्मभर चालू ठेवावे का, असा आमचा प्रश्न आहे.

ओळ कुठे संपते?

एक अगदी साधे उदाहरण घेऊ. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की दोन क्रिया कराव्या लागत : गाडी पुन्हा सुरुवातीला आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. संगणकांनी या दोन क्रियांसाठी दोन संकेतांक घेतले, १३ आणि १०. डॉसने आणि पुढे विंडोजने ओळ संपवण्यासाठी दोन्ही वापरले, युनिक्सने फक्त १०, आणि जुन्या मॅकिन्टॉशने फक्त १३. ई-मेलच्या नियमाने मात्र एकच पद्धत ठरवून दिली : तारेवरून जाताना ओळीच्या शेवटी १३ आणि १० ही जोडी हवीच. पत्र संपले हे सांगण्याची खूणही तशीच नेमकी होती. एका ओळीवर फक्त एक पूर्णविराम, आणि त्याच्या अलीकडे व पलीकडे ही जोडी.

काही आज्ञावल्या नुसता १० पाठवत राहिल्या. स्वीकारणाऱ्या अनेक सर्व्हरांनी उदारपणे ‘समजून घेतले’. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९९० च्या दशकात लिहिलेल्या ‘क्यूमेल’ या सर्व्हरने मात्र अशी पत्रे नाकारली. तेव्हा अनेकांना तो हटवाद वाटला असेल. पण डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी या उदारतेतील भगदाड उघड केले. पत्र संपल्याची अर्धवट खूण एखादा सर्व्हर साधा मजकूर समजून जशीच्या तशी पुढे पाठवत असे आणि पुढचा सर्व्हर तीच खूण खरी मानत असे. मग त्या खुणेनंतर लिहिलेला मजकूर दुसरे, स्वतंत्र पत्र ठरे. ते बनावट पत्र विश्वासू सर्व्हरच्या नावावर खपून जाऊ शकत होते. पोस्टफिक्स, सेंडमेल आणि एक्झिम या जगभर वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरांना त्यानंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. चाळीस वर्षांची सवलत अशी फसवणुकीची वाट बनली.

लेबल एक, माल दुसरा

दुसरे उदाहरण अवतरणचिन्हांचे. ई-मेलमध्ये इंग्रजीव्यतिरिक्त लिप्या, चित्रे आणि जोड-फाईली पाठवता याव्यात म्हणून नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ‘माइम’ ही पद्धत मांडली. तिचा गाभा म्हणजे लेबल. बरणीवर ‘साखर’ लिहावे तसे पत्रावर लिहायचे, की आतील अक्षरे अमुक संकेतसंचातील आहेत. ‘आयएसओ ८८५९-१’ या युरोपीय संचात १२८ ते १५९ या क्रमांकांवर छापण्याजोगे एकही चिन्ह नाही. विंडोजच्या ‘१२५२’ या संचाने त्याच जागी वळणदार अवतरणचिन्हे बसवली. अनेक आज्ञावल्यांनी लेबल पहिल्या संचाचे लावले आणि माल दुसऱ्याचा भरला. विंडोजवर सारे नीट दिसे, इतरत्र प्रश्नचिन्हे किंवा चौकोन उमटत. अखेर ब्राउझरांसाठीच्या प्रमाणातच असे ठरले, की पहिले लेबल दिसले तरी दुसरा संच समजून वाचावे. चूक इतकी रुळली की तीच नियम झाली!

‘जे’ची कथा अशीच आहे. आउटलुक ही आज्ञावली हसऱ्या चेहऱ्याची खूण टाइप केली की तिच्याजागी ‘विंगडिंग्ज’ या चित्रटंकातील ‘जे’ हे अक्षर घालत असे. त्या टंकात ‘जे’च्या घरात हसरा चेहरा आहे. ज्या संगणकात तो टंक नाही, तेथे उरते फक्त ‘जे’. आणि ‘विनमेल.डॅट’ म्हणजे आउटलुकने ‘रिच टेक्स्ट’ प्रकारातील पत्राची सजावट आणि जोड-फाईली आपल्या खास वेष्टनात बांधून दिलेले गाठोडे. ते सोडवणे इतर बहुतेक आज्ञावल्यांना जमत नाही.

मराठी वाचकाला हे नवे नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, तरी तिचा वापर रुळेपर्यंत श्रीलिपी, आकृती अशा टंकसंचांची आपापली मांडणी चालत असे. पत्रावरचे लेबल रोमन अक्षरांचे आणि आत मात्र मराठी. तोच टंक दुसऱ्याकडे नसेल तर पत्राऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. येथे सर्व्हरला चूक पकडणेही अशक्य होते, कारण त्याच्या दृष्टीने सारे नियमानुसारच होते.

खरा दोष : मौन

या उदाहरणांवरून ‘सर्वांनी कठोर व्हावे’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण आम्ही तो काढणार नाही. कठोरपणाचा फटका बहुधा दुबळ्याला बसतो. मोठ्या कंपनीचे चुकीचे पत्र कोणीच नाकारत नाही, खेड्यातील शाळेचे मात्र नाकारले जाते. शिवाय पत्र नाकारले की ज्याला ते हवे असते त्याचेच नुकसान होते.

आमचा आक्षेप उदारतेपेक्षा तिच्या मौनावर आहे. स्वीकारणारा चूक सावरून घेतो, पण पाठवणाऱ्याला कळवत नाही. त्यामुळे पाठवणाऱ्याला आपण बरोबरच आहोत असे वाटत राहते आणि तत्त्वाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे काटेकोरपणा, आपोआप गळून पडतो. पुढे नवी आज्ञावली लिहिणाऱ्याला नियमांबरोबर जुन्या सगळ्या चुकाही पाठ कराव्या लागतात. उत्तरपत्रिकेत ‘भावार्थ कळला’ म्हणून गुण द्यायचे आणि लाल शाईने एकही खूण करायची नाही, असाच हा प्रकार आहे. विद्यार्थी त्या दिवशी उत्तीर्ण होतो, पण चूक पुढच्या इयत्तेत जाते.

ही जाणीव तज्ज्ञांनाही झाली आहे. सेंडमेलचे कर्ते एरिक ऑलमन यांनी २०११ मध्ये या तत्त्वाचा फेरविचार मांडला. जून २०२३ मध्ये निघालेल्या आरएफसी ९४१३ या दस्तऐवजातही चुका झाकत राहण्यापेक्षा नियमांची सतत देखभाल करावी अशी भूमिका आहे. कळवण्याची सोय करता येते, याचा दाखलाही ई-मेलमध्येच सापडतो. २०१५ मध्ये दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झालेल्या ‘डीमार्क’ या पद्धतीत, एखाद्या संस्थेच्या नावाने आलेली किती पत्रे ओळखतपासणीत नापास झाली, याचा अहवाल स्वीकारणारे सर्व्हर त्या संस्थेला पाठवू शकतात. हीच लाल शाई!

शाळेत काय करावे?

घोटाळा झालाच, तर ‘कोणाचा संगणक वाईट’ हा वाद प्रथम बाजूला ठेवावा. बहुतेक आज्ञावल्यांत पत्राचा मूळ मजकूर पाहण्याची सोय असते, तो उघडावा. त्यातील ‘कन्टेन्ट-टाइप’ या ओळीतील लेबल आणि आतील माल जुळतात का, ते तपासावे. तेथे ‘एमएस-टीएनईएफ’ असे दिसले, तर ते आउटलुकचे गाठोडे आहे असे समजावे. पाठवणाऱ्याने पत्राचा प्रकार साधा मजकूर किंवा एचटीएमएल असा निवडला की प्रश्न सुटतो, क्वचित त्यांच्या सर्व्हरची मांडणीही बदलावी लागते. मराठी पत्र असेल तर लेबल ‘यूटीएफ-८’ आणि मजकूर युनिकोडमधील हवा.

उच्च माध्यमिक वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. ‘मराठी’ हा शब्द लिहायला काना व वेलांटी धरून पाच संकेत लागतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण १५. माइमच्या ‘बेस-६४’ पद्धतीत दर तीन बाइटांची चार रोमन अक्षरे होतात, म्हणजे २०. विद्यार्थ्यांनी ही वीस अक्षरे हाताने काढावीत. मग फक्त ‘मराठी’ एवढाच मजकूर असलेल्या पत्राचा मूळ मजकूर उघडून ती ताडून पाहावीत. (आज्ञावलीने बेस-६४ ऐवजी दुसरी पद्धत वापरलेली आढळली, तर ती कोणती हेही शोधता येईल.)

आणि एक सवय आपण सर्वांनीच लावून घ्यावी. बिघडलेले पत्र अंदाजाने वाचून गप्प बसू नये. ‘पत्र मिळाले, मजकूर कळला, पण अमुक भाग असा दिसला’ एवढे दोन ओळींत पाठवणाऱ्याला कळवावे. यंत्रांनी गेली कित्येक वर्षे टाळलेले हे काम माणसांना अजिबात अवघड नाही.