रायट अ‍ॅक्ट वाचला म्हणजे काय केलं?

मंडळी, इथल्या ऑफिसांत 'आय रेड देम द रायट अ‍ॅक्ट' हे वाक्य फार स्वस्त झालं आहे. प्रोजेक्ट रखडला, मॅनेजर टीमवर ओरडला, की झाला रायट अ‍ॅक्ट वाचून! आपली मराठी मंडळीही हा वाक्प्रचार झाडणे, खडसावणे या अर्थाने सर्रास वापरतात. इंग्रजी शब्दकोश तेवढ्यावर समाधान मानतात. माझं होत नाही.

कारण हा खराखुरा कायदा होता आणि तो खरोखर वाचावा लागे. १ ऑगस्ट १७१५ पासून तो ब्रिटनमध्ये अमलात आला. बारा किंवा अधिक माणसं जमून दंगा करू लागली, की मॅजिस्ट्रेटने त्यांच्यापुढे ठरावीक मजकूर मोठ्याने वाचायचा: राजाची आज्ञा आहे, पांगा, आपापल्या घरी किंवा कामाला जा. मग एक तासाची मुदत. त्यानंतरही बारा जण तिथेच राहिले, तर शिक्षा फाशीची! शब्दही जसेच्या तसे हवेत. १८३० च्या एका खटल्यात शेवटचे 'गॉड सेव्ह द किंग' गाळले म्हणून कोर्टाने ते वाचन अपुरं ठरवलं. आम्हा आयटीवाल्यांना हे लगेच पटेल. एक सेमीकोलन राहिला की प्रोग्रॅम बसला.

१६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर सभेसाठी जमलेल्या हजारो लोकांवर घोडेस्वार घातले गेले. कायदा वाचला होता की नाही, यावर वाद झाला. तासभर मात्र कोणी थांबलं नाही. इंग्लंडमध्ये हा कायदा १९६७ साली रद्द झाला.

म्हणजे अट, मुदत आणि शिक्षा, तिन्ही आधी सांगायची. मराठीत याला कानउघाडणी नव्हे, 'निर्वाणीचा इशारा' म्हणावं. (आपल्या जमावबंदीशीही गल्लत नको. जुनं १४४ कलम, १ जुलै २०२४ पासूनचं १६३, लोक जमण्याआधीच लावता येतं.)

एका क्लायंटकडे साहेबांनी सकाळी 'रायट अ‍ॅक्ट वाचला' आणि दुपारी दोघा कॉन्ट्रॅक्टरांचे बिल्ले काढून घेतले. त्यातल्या एकाचा व्हिसा त्याच नोकरीवर होता. मुदत कुठे होती? याला हकालपट्टी म्हणतात.

त्यापेक्षा आमच्या घरातला वापर शुद्ध: "आठपर्यंत खोली आवर, नाहीतर शनिवारची मॅच बंद." फक्त 'गॉड सेव्ह द किंग' तेवढं राहतं.